लाकडात कोरलेले नट

तुमच्यापैकी कितीजणांच्या कंपासपेटीत क्रिकेटपटूंचे स्टिकर आहेत? कपाटाच्या दारावर आवडत्या नटाचं चित्र चिकटवलं म्हणून कितीजणांनी आईची बोलणी खाल्ली आहेत? हात वर करू नका, मला सगळं माहीत आहे! वर्गात वहीचा पुठ्ठा उलटला की अभ्यासाच्या आधी खेळाडूंचेच चेहरे दिसतात.

पण हा नाद काही आजचा नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वी जपानमध्ये एदो नावाचं एक मोठं शहर होतं. दहा लाखांच्या आसपास वस्ती. त्यालाच आज आपण टोकियो म्हणतो. हे शहर नाटकवेडं होतं. नाटक पाहून लोक बाहेर पडत आणि दुकानात जाऊन आपल्या आवडत्या नटाचं रंगीत चित्र विकत घेत. किंमत किती? दोन वाडगे शेवयांना पडत, साधारण तेवढी! म्हणजे हमाल, सुतार, दुकानातला पोऱ्या, कुणालाही परवडेल अशी. घरी आणून भिंतीला लावायचं, नाहीतर मित्राला दाखवून त्याला जळवायचं.

त्या काळी कॅमेरा नव्हता आणि छापखान्यातली यंत्रंही नव्हती. ही चित्रं लाकडाच्या फळ्या कोरून, हातानं छापलेली असत. नाटक होतं 'काबुकी', आणि नटांच्या या चित्रांना म्हणत 'याकुशा-ए'. 'याकुशा' म्हणजे नट आणि 'ए' म्हणजे चित्र. सोपं आहे की नाही?

त्याच सुमाराला आपल्या पुण्यात काय चाललं होतं? शनिवारवाड्यात सवाई माधवराव पेशवे होते, कारभार नाना फडणवीस पाहत होते. जेम्स वेल्स नावाच्या स्कॉटिश चित्रकारानं १७९२ साली पेशव्यांचं चित्र रंगवलं. पण ते पेशव्यांचं! साध्या माणसानं एखादा चेहरा विकत घेऊन घरी न्यावा, ही गोष्ट इथे अजून यायची होती. एदोमध्ये मात्र ती रोजची झाली होती.

बायकांची कामं पुरुषांनी!

काबुकीची गोष्ट सुरू होते एका बाईपासून. १६०३ च्या सुमाराला क्योतो शहरात ओकुनी नावाच्या एका नर्तिकेनं नदीच्या कोरड्या पात्रात नाच आणि नाट्य सुरू केलं. लोकांची झुंबड उडाली. पण १६२९ साली सरकारनं बायकांना रंगभूमीवर यायला बंदी केली. पुढे तरुण मुलांनाही बंदी झाली. शेवटी उरले ते मोठे पुरुष. त्यांनाही कपाळावरचे पुढचे केस काढावे लागत. मग स्त्रीची भूमिका करणारे नट टाळूवर जांभळ्या रेशमाचं फडकं बांधून ती जागा झाकत. स्त्री-भूमिका करणाऱ्या या नटांना 'ओन्नागाता' म्हणतात. जुन्या चित्रात असं जांभळं फडकं दिसलं, की ओळखायचं, हा ओन्नागाता!

"पुरुष बाई होणार? शी!" असं म्हणून नाक मुरडू नका. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यातल्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला आणि संगीत नाटकांचं पर्व सुरू झालं. या नाटकांत नायिका कोण? पुरुषच. आधी भाऊराव कोल्हटकर, मग नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व. 'स्वयंवर' मधली रुक्मिणी (१९१६) आणि 'एकच प्याला' मधली सिंधू (१९१९) त्यांनी अशी उभी केली, की समोर पुरुष आहे हे लोक विसरून जात. सिनेमातही तेच झालं. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' मध्ये (१९१३) तारामती झाले होते अण्णा साळुंके नावाचे गृहस्थ. पुढे १९१७ च्या 'लंकादहन' मध्ये तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता, दोन्ही कामं केली!

बालगंधर्व लुगडं कसं नेसतात, अंबाड्यात फुलं कशी माळतात, हे पाहून त्या वेळच्या बायका तसं करू लागल्या. जपानात अगदी हेच झालं होतं. सानोगावा इचिमात्सु नावाचा एक नट गडद-फिका, गडद-फिका अशा चौकटींचा पोशाख घालून रंगमंचावर आला आणि एदोतल्या पोरीबाळींनी तोच नमुना उचलला. बुद्धिबळाच्या पटासारखा तो नमुना आजही त्याच्या नावानं, 'इचिमात्सु' म्हणून ओळखला जातो. २०२० च्या टोकियो ऑलिंपिकचं निळ्या चौकटींचं गोल चिन्ह आठवतं? (ते ऑलिंपिक करोनामुळे प्रत्यक्षात २०२१ साली झालं.) ते चिन्ह याच नमुन्यावरून केलेलं होतं.

'स्टॅच्यू!'

मधल्या सुट्टीत तुम्ही 'स्टॅच्यू' खेळता ना? कुणी ओरडलं की जसे असाल तसे थांबायचं. काबुकीतल्या नटाचा सगळ्यात मोठा क्षण अगदी असाच असतो. भांडण टिपेला पोचतं, खलनायक पुढे येतो, आणि एकदम नट थबकतो. मान गर्रकन फिरवतो, डोळे वटारतो, बोटं ताणतो आणि पुतळ्यासारखा उभा राहतो. बाजूला बसलेला माणूस लाकडाचे दोन ठोकळे फळीवर खाड् खाड् आपटतो. या थबकण्याला 'मिए' म्हणतात. प्रेक्षकांतून त्या नटाच्या घराण्याच्या नावानं आरोळ्या उठतात. आपल्याकडे नाट्यपदाला 'वन्स मोअर' येई ना, तसंच थोडंसं.

आता विचार करा, चित्रकाराला आणखी काय हवं? धावणाऱ्या माणसाचं चित्र काढणं अवघड. पण इथे नट स्वतःच चित्र होऊन उभा राहतो! नटांची पुष्कळ चित्रं अशा 'मिए'ची आहेत. नाटक संपतं, पडदा पडतो, दिवे मालवतात. तो एक क्षण मात्र कागदावर राहतो.

पण चित्रातला नट कोणता, हे कसं ओळखायचं? सुरुवातीची चित्रं पाहिली तर सगळ्यांचे चेहरे एकाच साच्यातले वाटतात. तेव्हा कपड्यावरचं चिन्ह पाहायचं. प्रत्येक घराण्याचं चिन्ह ठरलेलं. एकात एक असे तीन चौकोन दिसले, की तो दान्जुरो. क्रिकेटपटूच्या शर्टावरच्या नंबरासारखंच की हे! दान्जुरो हे एका माणसाचं नाव नाही बरं का. ते घराण्यातल्या योग्य नटाला दिलं जातं. २०२२ साली या नावाचा तेरावा नट झाला.

१७६० नंतर कात्सुकावा शुन्शो आणि त्याच्या बरोबरीच्या काही चित्रकारांनी ठरवलं, की आपण चिन्हावर अवलंबून राहायचं नाही. चेहराच असा काढायचा की पाहणारा म्हणेल, "अरे, हा तर अमका!" मग नाक, हनुवटी, भुवई, ज्याची त्याची वेगळी दिसू लागली.

एक चित्र, चार माणसं

या चित्रांवर सही असते चित्रकाराची. पण चित्र तयार करायला लागत चारजण. पहिला प्रकाशक. तो पैसे घालायचा आणि कुठल्या नाटकाचं, कुठल्या नटाचं चित्र खपेल ते ठरवायचा. दुसरा चित्रकार. तो पातळ कागदावर शाईनं रेघांचं चित्र काढून द्यायचा.

तिसरा कोरणारा कारागीर. तो ते चित्र चेरीच्या लाकडाच्या गुळगुळीत फळीवर पालथं चिकटवायचा. पालथं का? ठशावर सगळं उलटं असलं, तरच कागदावर सुलटं उमटतं. पोस्टातला शिक्का कधी निरखून पाहिलात तर कळेल. मग रेघ तेवढी ठेवायची आणि बाकीचं लाकूड कोरून काढायचं. सगळ्यात कठीण काम केसांचं. कपाळाशी केस सुरू होतात तिथल्या बारीक बारीक रेघा कोरायला मुख्य कारागीर बसायचा. कपड्यांवरचा भाग शिकाऊ पोरांकडे! आणि गंमत म्हणजे, चित्रकाराचा मूळ कागद या कोरण्यातच नष्ट व्हायचा.

चौथा छापणारा. प्रत्येक रंगासाठी एक वेगळी फळी. काळ्या रेघांची एक, लालची एक, पिवळ्याची एक. फळीवर ब्रशनं रंग लावायचा, वर दमट कागद ठेवायचा आणि 'बारेन' नावाच्या चपट्या गोल चकतीनं पाठीमागून घासायचं. ही चकती बांबूच्या पात्यात गुंडाळलेली असते. कागद तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा, त्यामुळे चिवट. इतकं घासूनही फाटत नाही.

आता सांगा, पाच-सहा वेळा कागद वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवायचा, तर लाल रंग ओठाऐवजी नाकावर कसा जात नाही? त्यावर त्यांनी साधी युक्ती काढली होती. प्रत्येक फळीच्या एका कोपऱ्यात काटकोनाची खाच आणि कडेला एक सरळ खाच. कागद दर वेळी त्या खाचांना टेकवूनच ठेवायचा. बस्स! या खाचांना 'केन्तो' म्हणतात. १७६५ पासून या पद्धतीनं भरपूर रंगांची चित्रं छापली जाऊ लागली.

चित्रकाराचं नाव आपल्याला बहुतेक वेळा कळतं. केसांच्या रेघा कोरणाऱ्याचं फार क्वचित. पण त्याचा हात एकदा चुकून सरकला असता तर नटाचं नाक गेलं असतं! चित्र पाहताना या हातांचीही आठवण ठेवायला हवी.

दहा महिन्यांचा चित्रकार

१७९४ च्या मे महिन्यात एदोच्या दुकानांत एकदम अठ्ठावीस नवी चित्रं आली. प्रकाशक त्सुताया जूझाबुरो. चित्रकाराचं नाव तोशुसाई शाराकू. यापूर्वी हे नाव कुणी ऐकलं नव्हतं. चित्रांची पार्श्वभूमी गडद आणि चमचमती, कारण रंगात अभ्रकाची पूड घातलेली होती. आणि नटांचे चेहरे? बापरे!

त्यातलं एक चित्र आज जगभर प्रसिद्ध आहे. ओतानी ओनिजी नावाचा नट एदोबेई या गुंडाच्या भूमिकेत आहे. दुसऱ्याचे पैसे लुटायला तो निघालाय. मान पुढे काढलेली, भुवया चढलेल्या, ओठ घट्ट मिटलेले. किमोनोतून दोन्ही पंजे बाहेर आलेत, बोटं फाकलेली. हे चित्र मी चौथीच्या वर्गात दाखवलं, तेव्हा एक मुलगा पटकन म्हणाला, "बाई, हा घाबरवतोय पण स्वतःच घाबरलाय!" मी परत नीट पाहिलं. खरंच की! त्या बारीक डोळ्यांत थोडी भीती दिसतेच.

शाराकूचं वैशिष्ट्य हेच होतं. इतर चित्रकार नटाला देखणा करून दाखवत. स्त्री-भूमिकेतला नट म्हणजे नाजूक चेहरा, नाजूक ओठ. शाराकूनं मात्र जे दिसलं ते काढलं. चाळिशी ओलांडलेला सेगावा किकुनोजो हा मोठा ओन्नागाता होता. शाराकूच्या चित्रात त्याचे जड गाल आणि थोराड चेहरा तसाच दिसतो. एकाच चेहऱ्यात आपल्याला नाटकातली बाई दिसते आणि ती भूमिका करणारा पुरुषही दिसतो.

लोकांना हे आवडलं का? फारसं नाही. त्या काळच्या एका लेखकानं नोंद करून ठेवली आहे, की नटांचं हुबेहूब रूप दाखवण्याच्या भरात या चित्रकारानं नको तेही काढलं, म्हणून तो फार टिकला नाही. साहजिकच आहे. आवडत्या नटाचा फोटो घ्यावा आणि त्यात त्याच्या सुरकुत्या दिसाव्यात, तर तुम्ही घ्याल?

१७९५ च्या सुरुवातीला शाराकूची चित्रं यायची बंद झाली. जेमतेम दहा महिने, दीडशेच्या आसपास चित्रं, आणि मग काहीच नाही. तो कोण होता, यावर पुढे पुस्तकांवर पुस्तकं लिहिली गेली. साइतो जुरोबेई नावाचा, नो या दुसऱ्या प्रकारच्या नाटकातला नट म्हणजेच शाराकू, असं आज बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. म्हणजे नटांचे चेहरे इतके खरे काढणारा माणूस बहुधा स्वतःच नट होता!

१९१० साली युलिउस कुर्ट नावाच्या जर्मन अभ्यासकानं शाराकूवर पुस्तक लिहिलं आणि जग त्याच्याकडे पुन्हा पाहू लागलं. ज्या नटांना तेव्हा ही चित्रं आवडली नसतील, त्यांना आज आपण ओळखतो ते याच चित्रांमुळे. ओतानी ओनिजी कसा बोलायचा, कसा चालायचा, ते सगळं वाऱ्यावर गेलं. त्याची ती फाकलेली बोटं मात्र उरली.

बंदी आली आणि भिंत बोलू लागली

नटांचं असं वेड सरकारला मुळीच पसंत नव्हतं. चैन नको, उधळपट्टी नको, असं म्हणून १८४२ साली नटांची चित्रं छापायलाच बंदी झाली. आता? चित्रकारांनी पोट कसं भरायचं?

उतागावा कुनियोशी नावाचा एक महाखोडकर चित्रकार होता. मांजरं ही त्याची आवडती. त्यानं मांजरांची आणि माशांची चित्रं काढली, पण त्यांचे चेहरे पाहावेत तर ओळखीच्या नटांचे! १८४८ च्या सुमाराला तर त्यानं कमाल केली. गोदामाच्या भिंतीवर कुणा वात्रट पोरानं खिळ्यानं ओरखडे काढावेत, तशी वेडीवाकडी तोंडं त्यानं काढली. मधेच एक नाचणारं मांजर. "ही काय नटांची चित्रं आहेत? ही तर भिंतीवरची रेघोट्या!" पण लोकांनी एका नजरेत ओळखलं, हे नाक अमक्याचं, ती हनुवटी तमक्याची. सरकार काय म्हणणार?

मोठ्या मुलांना आपल्याकडची अशीच एक गोष्ट सांगते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली 'कीचकवध' नाटक आणलं. गोष्ट महाभारतातली, द्रौपदीला छळणाऱ्या कीचकाची. पण प्रेक्षकांनी ओळखलं, की हा कीचक म्हणजे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन! इंग्रज सरकारनंही ते ओळखलं आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. सरळ बोलता येत नाही तेव्हा कलावंत आडून बोलतो, आणि रसिक ते बरोबर ऐकतो. ही रीत एदोचीही आहे आणि पुण्याचीही.

मग आपल्या नटांचं काय?

तुम्ही विचाराल, "बाई, आपल्याकडे एवढे मोठे नट झाले, मग त्यांची अशी रंगीत छापील चित्रं का नाहीत?" प्रश्न चांगला आहे.

स्वस्त रंगीत चित्रं छापणारे आपल्याकडे होते. आणि तेही पुण्यातच! १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर पुण्यात 'चित्रशाळा' काढली. तिथे लाकडाऐवजी दगड वापरत. एका खास गुळगुळीत दगडावर तेलकट शाईनं चित्र काढायचं. दगड ओला केला, की पाणी तेलापासून दूर राहतं. मग छपाईची शाई फिरवली, की ती फक्त चित्राच्या रेघांना धरते. यात कोरायचं काहीच नाही. याला शिळाछाप म्हणतात. इथेही प्रत्येक रंगाला एक वेगळा दगड, अगदी एदोच्या फळ्यांसारखा. चित्रशाळेचं रामपंचायतन घरोघरी पोचलं. पुढे १८९४ साली राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तिथूनही लक्ष्मी, सरस्वतीची चित्रं देशभर गेली. दादासाहेब फाळक्यांनीही सिनेमा काढण्याआधी काही काळ त्या छापखान्याचं काम केलं होतं.

पण या छापखान्यांचा भर देवांवर, पुराणातल्या प्रसंगांवर आणि इतिहासातल्या थोर माणसांवर होता. आणि नटांसाठी तोवर कॅमेरा आला होता. एदोमध्ये जे काम लाकडानं केलं, ते आपल्याकडे फोटोनं केलं.

फोटो म्हणजे अगदी खरा चेहरा, हे कबूल. पण तेव्हाचे कॅमेरे मंद होते. प्रयोग रंगात आला असताना, दिव्यांच्या उजेडात फोटो काढणं जमत नसे. नटांना स्टुडिओत बसवून, "हलू नका हं!" असं बजावून फोटो काढत. त्यामुळे चेहरा आला, पण तो भांडणाचा, प्रेमाचा, रागाचा क्षण आला नाही. आणि रंगही आला नाही. बालगंधर्वांचे कितीतरी जुने फोटो आहेत. त्यांचा भरजरी शालू, दागिने, कपाळावरचं कुंकू, सगळं दिसतं. पण शालू अंजिरी होता की मोरपंखी? काळा-पांढरा फोटो सांगत नाही.

नंतर ही उणीव एका चित्रकारानं थोडी भरून काढली. २६ जून १९६८ रोजी, बालगंधर्वांच्या जन्मदिवशी, पुण्यात संभाजी उद्यानाजवळ बालगंधर्व रंगमंदिर सुरू झालं. या रंगमंदिरासाठी गोपाळ देऊसकरांनी बालगंधर्वांची मोठी तैलचित्रं रंगवली. त्यातल्या एकात ते स्त्रीवेशात आहेत. पण ते चित्र पाहायला आपल्याला तिथे जावं लागतं. एदोच्या पोऱ्यासारखं ते विकत घेऊन बगलेत मारून घरी आणता येत नाही!

जपलं तर राहतं

जपानी चित्रं तरी आपोआप टिकली असं नाही. ती स्वस्त होती, म्हणून किती फाटली, किती जळली, त्याला गणती नाही. एखादा नट वारला की त्याचं स्मरणचित्र निघे. १८५४ साली आठवा दान्जुरो ऐन तारुण्यात गेला, तेव्हा त्याची शंभरहून अधिक वेगवेगळी स्मरणचित्रं निघाली. लोक रडले आणि ती चित्रं त्यांनी जपून ठेवली. टोकियोतल्या वासेदा विद्यापीठाचं नाट्यसंग्रहालय १९२८ साली सुरू झालं. तिथे आज नटांची चाळीस हजारांहून अधिक छापील चित्रं आहेत. दूर युरोपात व्हिन्सेंट व्हॅन गॉग या चित्रकाराचाही अशा चित्रांवर जीव होता. त्याच्याजवळच्या जपानी चित्रांत नटांची चित्रंही पुष्कळ होती.

आपल्याकडे रंगीत नट कागदावर आले ते सिनेमाच्या जाहिरातींतून. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवायचे, मग सिनेमे काढू लागले. १९२४ च्या त्यांच्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या पोस्टरांत गणलं जातं. भिंतीला चिकटवायचं, पावसानं भिजायचं, त्यावर दुसरं चिकटवायचं, असा पोस्टरांचा जन्म. त्या काळचे बहुतेक मूकपट आज नष्ट झालेत. जिथे सिनेमा गेला, तिथे कधी कधी एखादं पोस्टर, एखादी पुस्तिका, एखादा फोटो तेवढा सांगतो, की असा एक नट होऊन गेला. असे कागद जपायचं काम आपल्या पुण्यातच, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात चालतं. त्याची स्थापना १९६४ सालची.

पण सगळंच काही संग्रहालयात नसतं. तुमच्या आजीच्या ट्रंकेत, आजोबांच्या जुन्या पुस्तकात, माळ्यावरच्या खोक्यात एखाद्या नाटकाची जाहिरात, तिकिटाचा तुकडा किंवा नटाचा फोटो असू शकतो. पालकांनाही एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत असं काही हाती आलं तर ते रद्दीत टाकण्याआधी मुलांना दाखवा. नाटक कोणतं, कोणाबरोबर पाहिलं, तेव्हा पडदा उघडताना काय वाटलं, ते सांगा. मुलांनो, तुम्ही ते कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवा. नाव आणि साल लिहिलेला कागद बोलतो. नुसता कागद मुका राहतो.

करून पाहा: घरच्या घरी दोन रंगांचं चित्र

साहित्य: जाड पुठ्ठा, फेव्हिकॉल, थोडा जाड दोरा, पोस्टर कलर, स्पंजचा तुकडा, चित्रकलेचे कागद आणि एक वाटी. चाकूची गरज नाही. कात्री लहानांनी मोठ्यांसमोरच वापरावी.

१) वहीच्या पानाएवढ्या दोन पट्ट्या पुठ्ठ्यातून कापा. दोन्ही अगदी एकसारख्या हव्यात.

२) कागदावर एक मोठा चेहरा काढा. वटारलेले डोळे, चढलेल्या भुवया. आरशात स्वतःचा 'मिए' करून पाहा आणि तोच काढा!

३) पहिल्या पट्टीवर चेहऱ्याच्या आकाराचा पुठ्ठा चिकटवा. दुसऱ्या पट्टीवर बरोबर त्याच जागी डोळे, भुवया आणि तोंड यांचे तुकडे चिकटवा. केसांसाठी दोरा चिकटवा. रात्रभर वाळू द्या.

४) दोन्ही पट्ट्यांच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचा छोटा काटकोन चिकटवा. झाला तुमचा केन्तो!

५) पहिल्या पट्टीवर स्पंजनं फिका रंग लावा. कागद किंचित दमट करून काटकोनाला टेकवून ठेवा आणि वाटीच्या बुडानं हलक्या हातानं घासा. कागद उचला, वाळू द्या.

६) आता दुसऱ्या पट्टीवर काळा रंग लावा आणि तोच कागद पुन्हा काटकोनाला टेकवून घासा.

पहिल्या दोन-तीन कागदांत डोळे कपाळावर गेले तर हिरमुसू नका. चौथ्या-पाचव्या कागदात हात बसतो. एक सूचना मात्र लक्षात ठेवा. नाव छापायचं असेल तर पट्टीवर ते उलटं चिकटवावं लागेल. ते कसं, हे आरसा सांगेल.

एकाच पट्टीवरून दहा चित्रं निघतील. एक स्वतःला ठेवा, बाकीची मित्रांना वाटा. मागे आपलं नाव आणि तारीख घालायला विसरू नका. आणि दोरा चिकटवायला धाकट्या बहिणीनं मदत केली असेल, तर तिचंही नाव घाला. एदोच्या कारागिरांचं राहून गेलं, तुमच्या घरात तरी राहू नये!